कवचावरचा शिक्का

शिपायाच्या छातीवर बांधले जाणारे कवच ही सरकारी भांडारातील इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे. बूट निकृष्ट निघाले तर ते बदलून घेता येतात. छत्री गळू लागली तर ती टाकून देता येते. कवचाची खरी परीक्षा मात्र एकदाच होते, आणि त्या परीक्षेत ते नापास झाले तर तक्रार करण्यास ते घालणारा उरत नाही. म्हणूनच कवचाची निवड कोणत्या कसोटीवर होते, हा प्रश्न केवळ खरेदी-खात्याचा नसून सर्व नागरिकांचा आहे, असे आम्ही मानतो.

मुंबईला हे नव्याने सांगावे लागू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांना या शहराने गमावले. त्यानंतर करकरे यांच्या जाकिटाच्या दर्जाविषयी त्यांच्या पत्नी कै. कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा त्या खरेदीची नस्तीच सापडत नसल्याचे २००९ मध्ये उघड झाले. कवचाने न झाकलेल्या भागात गोळ्या लागल्या, असेही पुढे सांगण्यात आले. तसे असले तरी मूळ प्रश्न संपत नाही. जे कवच आपण माणसाला देतो त्याचा इतिहास कागदावर सापडत नसेल, तर त्यावर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मऊ जाकीट हे चिवट धाग्यांच्या अनेक थरांचे असते व ते पिस्तुलाच्या गोळीपुरते असते. रायफलीच्या वेगवान गोळीपुढे ते टिकत नाही. तिच्यासाठी कठीण प्लेट लागते. या प्लेटेचा दर्शनी भाग बहुधा ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकचा असतो. गोळीचे टोक त्यावर आदळून फुटते, आणि मागील पॉलिथिलीनचा किंवा ॲरामिडचा थर उरलेले तुकडे व आघात झेलतो. काही प्लेटा एकट्या पुरेशा असतात. काही मात्र मऊ जाकिटावर बसविल्या तरच आपले काम करतात. हा फरक न जाणता दुसऱ्या प्रकारची प्लेट नुसत्या पिशवीत घालून छातीवर अडकविणे म्हणजे अर्धे कवच घालून पूर्ण संकटात उडी घेणे होय.

‘गोळीरोधक’ हा शब्द एकटा निरर्थक आहे. कोणती गोळी, किती वेगाची व किती वेळा, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संस्थेने २००८ मध्ये जे मानक केले त्यात तिसऱ्या श्रेणीच्या प्लेटेने शिशाच्या गाभ्याच्या सहा गोळ्या अडविणे आवश्यक होते. पोलादभेदी गोळीसाठी असलेल्या चौथ्या श्रेणीस मात्र एकच गोळी अडविण्याची कसोटी होती. अनुभव असा आला की, तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झालेली केवळ पॉलिथिलीनची हलकी प्लेट पोलादी टोकाच्या लहान गोळीने भेदली जाऊ शकते. म्हणून २०२३ मध्ये रायफलींसाठी तीन नव्या श्रेणी आखण्यात आल्या. प्लेट भेदली न जाणे एवढ्यावरही कसोटी थांबत नाही. मागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरहून अधिक खोल खळगा पडला तर ती नापास ठरते, कारण गोळी अडूनही तिचा धक्का फासळ्या मोडू शकतो.

‘मानकानुसार चाचणी केलेले’ आणि ‘प्रमाणित’ हे शब्दही एक नव्हेत. पहिला दावा कोणताही विक्रेता करू शकतो. दुसऱ्यामागे त्रयस्थ प्रयोगशाळा, मान्य नमुन्यांची प्रसिद्ध यादी आणि कारखान्यातील पुढील तपासणी असते. शिवाय प्रमाणपत्र चिरंजीव नसते. झायलॉन नावाच्या धाग्याची जाकिटे अमेरिकेत प्रमाणित होती; तथापि २००३ मध्ये असे एक जाकीट पोलिसाच्या अंगावर भेदले गेले, उष्णता व दमटपणा यांनी तो धागा क्षीण होतो असे आढळले, आणि २००५ मध्ये त्याची मान्यता काढून घेण्यात आली. मुंबईच्या हवेत वर्षानुवर्षे कोठारात पडणाऱ्या सामानाच्या संदर्भात हा धडा विसरण्याजोगा नाही. सिरॅमिकची प्लेट हातून पडली तर वरून अखंड दिसूनही आतून तडकलेली असू शकते.

आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक, आय. एस. १७०५१, हे २०१८ मध्ये आले. त्यात सहा स्तर आहेत. सेनेसाठी १,८६,१३८ जाकिटांची मागणी २००९ मध्ये मान्य झाली आणि तिचा ६३९ कोटींचा करार २०१८ मध्ये झाला. मधली नऊ वर्षे जवानांनी कशावर काढली, याचे उत्तर अभिमानास्पद नाही. पुढची वाटचाल मात्र आशादायक आहे. कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने २०२४ मध्ये सहाव्या स्तराच्या गोळीसाठी हलके जाकीट सिद्ध केले, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या आय.आय.टी.सह तयार झालेल्या ‘अभेद’ जाकिटाचे किमान वजन, स्तरानुसार, ८.२ व ९.३ किलो असल्याचे जाहीर झाले. म्हणजे ज्ञान देशात आहे; उणीव आहे ती निवडीतील दक्षतेची.

सर्वांत वरचा स्तर सर्वांना द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. नाकाबंदीवर दहा तास उभ्या असणाऱ्या हवालदारावर अकारण ओझे लादले तर तो ते उतरवून ठेवील, आणि उतरविलेले कवच कोणालाच वाचवीत नाही. आधी संभाव्य गोळी ठरवावी, मग स्तर, मग वजन, आणि शेवटी किंमत. आपल्याकडे हा क्रम पुष्कळदा उलटा चालतो व सर्वांत कमी दराची निविदाच आपोआप सर्वांत योग्य ठरते.

आमची मागणी साधी आहे. खरेदीच्या प्रत्येक खेपेतून काही प्लेटा सरकारने स्वतः निवडून त्यांवर गोळ्या झाडून पाहाव्यात. प्रत्येक प्लेटेवर स्तर, खेप, निर्मितीचे वर्ष व मुदत ठळक असावी. मुदत संपलेली प्लेट निमूटपणे दुसऱ्या ठाण्याकडे न जाता नष्ट व्हावी. ती माणसाच्या मापाची असावी, आणि वापरणाऱ्याला ती काय अडविते व काय अडवीत नाही हे मराठीत समजावून सांगावे. चाचणीचे कागद असे जपावेत की, उद्या एखाद्या विधवेने विचारले तर ते त्याच दिवशी तिच्यापुढे ठेवता यावेत.

तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कवचावाचून रायफलीची नळी धरली. त्या धैर्याचे आपण पुतळे उभारतो, ते योग्यच आहे. परंतु शौर्य ही शिपायाने राष्ट्राला दिलेली देणगी आहे; शासनाने आपल्या हयगयीची भरपाई म्हणून ती गृहीत धरू नये.