एकटीसाठी खोली मिळेल का?

सध्या आमच्या लेडीज हॉस्टेलवर ‘सोलो ट्रिप’ची साथ आली आहे. सबमिशन आणि व्हायवा संपले की ऋषिकेश! गंगेकाठी सात दिवस, पहाटे योगासनं, दुपारी तेलाचं मालिश, संध्याकाळी आरती. दोन मैत्रिणी मिळून ‘सोलो’ जाणार आहेत, हे गणित कसं सुटतं ते एम-थ्री पहिल्या फटक्यात काढलेल्या मुलीलाही सांगता येणार नाही. असो. त्यांची चेष्टा करायला मी हा लेख लिहीत नाही, त्यांनी खुशाल जावं. माझं म्हणणं वेगळं आहे. ह्या सात दिवसांची खरी गरज आपल्या आयांना आहे, आणि त्यांनी ते मागितले तर आपण सगळे डोळे वटारतो. वीस वर्षांची मुलगी एकटी निघाली तर घरचे थोडं कुरकुरतात आणि सोडतात. पंचेचाळिशीची बाई एकटी निघाली की गल्ली विचारते, ‘घरात काही झालंय का?’

योगा आणि मालिश म्हटलं की ऋषिकेशच का आठवतं? १९६८ साली बीटल्स तिथे महर्षी महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिले आणि गावाचं नाव जगभर झालं. आता वर नरेंद्रनगरला टिहरीच्या महाराजांच्या जुन्या राजवाड्याच्या आवारात मोठा पंचतारांकित स्पा आहे. तिथला एका रात्रीचा दर मी बघितला आणि पान गुपचूप मिटलं.

पण आमच्या तासगावहून विट्याच्या पलीकडे गेलं की औंध लागतं. जिल्हा सातारा, तालुका खटाव, यमाईचं गाव. तिथल्या राजाने, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. नमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. त्याचं संपादन लुईस मॉर्गन ह्या पत्रकार बाईंनी केलं होतं. म्हणजे बीटल्सच्या तीस वर्षं आधी साहेबाला पाठ कशी वाकवायची हे औंधने सांगितलं होतं! आणि ऐका, त्याच काळात मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर (आपल्यातलाच म्हणायचा) बंगळूरहून औंधला येऊन राहिला आणि संस्थानच्या प्रजेला राज्यकारभार देणारी घटना तयार करायला त्याने मदत केली. परका देश, देवीचं गाव, एकटा माणूस. ‘सोबत कोण आहे?’ असं त्याला राजाने विचारल्याचं ऐकिवात नाही. आपण मात्र औंधला जातो, डोंगरावरचं संग्रहालय बघतो, दर्शन घेतो आणि संध्याकाळी परत. तिथे आठ दिवस राहावं, रोज नमस्कार घालावेत, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे वर्षातून एकदा ऑफिसात सांगायचे, ‘सिस्टर रिट्रीटला गेल्यात.’ आठ दिवस मौन. कुठे गेल्या, कुणाबरोबर गेल्या, असं कुणी विचारायचं नाही, आणि परत आल्यावर त्या निदान आठवडाभर तरी कमी ओरडायच्या! मला तेव्हा वाटायचं की हे ख्रिश्चन लोकांचं काहीतरी असणार. पुढे कळलं की आपल्या भिलवडीजवळच्या औदुंबरला नृसिंह सरस्वतींनी एक चातुर्मास केला तोही एकांतासाठीच. चार महिने कृष्णाकाठी. आपली कितीतरी क्षेत्रं अशीच झाली आहेत. कुणीतरी एकटं तिथे येऊन राहिलं, म्हणून मग बाकीचे गर्दी करून यायला लागले.

आता आपल्या बायकांचं क्षेत्राला जाणं कसं असतं बघा. टेंपोत किंवा एसटीत पंचवीस माणसं, दशम्या आणि चटणीचे डबे, लहान पोरांचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या. घरचं काम चाकांवर घालून पुढच्या गावी न्यायचं. आमच्या तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवाला बाहेरगावचे लोक दोर ओढायला येतात, तेव्हा गावातल्या बायका काय ओढत असतात ते कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावून बघा.

बाईच्या अंगाला तेल कधी लागतं, ह्याचा मी मध्यंतरी हिशोब मांडला. जन्मल्यावर लागतं. लग्नाआधी हळदीला लागतं. बाळंतपणात सव्वा महिना लागतं, वर शेक-शेगडी. त्यानंतर? दिवाळीत पहाटे उठून ती दुसऱ्यांच्या अंगाला लावते. म्हणजे शेवटच्या बाळंतपणानंतर तिच्या पाठीला कुणाचा हात नाही. मध्ये एक माहेरपण असायचं. चार दिवस उशिरा उठायचं, आयतं खायचं, आईकडून डोक्यावर तेल थापून घ्यायचं. पण आई गेली की माहेरपण संपतं, वहिनीकडे कोण पाय पसरून बसणार? आणि नेमकं तेव्हाच कंबर दुखायला लागलेली असते. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं ते काही उगाच नाही. पण माहेरी गेल्यावर आधी काय करतात? पडतात! दर्शनाच्या रांगेत आठ तास उभं राहणं म्हणजे काही माहेरपण नव्हे.

हे सगळं सुचायचं कारण माझी आई. आमची थोडी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून विरळणी, डिपिंग, मजुरांचा चहा, आणि फेब्रुवारीपासून बेदाणा शेडवर खाली मान घालून निवडायचं काम. बावीस वर्षं. मान आणि कंबर दोन्ही गेल्यात. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा दहा दिवस घर सोडा. मालिश, शेक, साधी आसनं, झोप. तर आई म्हणाली, ‘मला एकटीला जायचंय. देव असेल अशा गावाला.’ आजी चकित. ‘एकटी? आन् तिथं बोलणार कुणासंगं?’ आई म्हणाली, ‘कुणासंगंच न्हाई. म्हणून तर जायचंय.’

मी एका क्षेत्राच्या भक्तनिवासात फोन लावला. (कुठलं ते लिहीत नाही, कारण असाच नियम मला आणखी दोन ठिकाणी ऐकायला मिळाला.)

‘किती माणसं?’

‘एक. लेडीज.’

‘एकट्या लेडीजला रूम मिळत नाही.’

‘आणि एकट्या जेंट्सला?’

‘त्यांनाबी न्हाई. फॅमिली पायजे.’

समानता म्हणायची तर पूर्ण आहे!

नियमामागचं कारण मला माहीत आहे. काही जण एकटे येऊन खोलीत जिवाचं बरंवाईट करून घेतात, मग पोलीस, पंचनामा, बदनामी. व्यवस्थापकाची भीती खोटी नाही. पण ह्यावर दार लावून घेणं हा कसला इलाज? जो माणूस इतका थकून देवाच्या दारात आला, त्याला आपण रात्री नऊ वाजता एसटी स्टँडवर परत पाठवतो. ओळखपत्र घ्या, घरच्यांचा फोन नंबर घ्या, त्यांच्याशी बोला. एक बाई कर्मचारी ठेवा. आणि सकाळी सहाला आसनांचा वर्ग ठेवून हजेरी घ्या. कोण आलं नाही ते लगेच कळेल. आम्हाला पंचाहत्तर टक्के हजेरीत पकडतातच ना?

हे अशक्य नाही, कारण आपल्याच राज्यात ते चालू आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवस मौन, फी नाही, बायका-पुरुषांची सोय वेगळी. बोलायचंच नाही म्हटल्यावर सोबत आणून करायचं काय! लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम १९२४ पासून आहे. पुण्यात अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत जगभरातल्या बायका एकेकट्या येऊन महिनाभर शिकतात. आणि उरुळी कांचन! तिथे १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी स्वतः राहिले, रोगी तपासले. आधी हे काम पुणे शहरात करायचा विचार होता, पण गरीब माणूस शहरात येणार नाही म्हणून त्यांनी खेडं निवडलं. माती, पाणी, मालिश, मोजका आहार. ह्यात चैन कुठे आहे?

मग हे नृसिंहवाडीला, औदुंबरला, औंधला का नको? मला संगमरवरी स्पा नको आहे, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्याही नकोत. दहा साध्या खोल्या, एका कॉटच्या. मालिश येणाऱ्या गावातल्याच बायका. बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या आज्यांचे हात अजून आहेत, त्यांना रोजगार मिळेल. सकाळी नमस्कार, दुपारी झोप, संध्याकाळी नदी. संस्थानं अन्नछत्रावर एवढा खर्च करतात आणि ते चांगलंच आहे. पण पोटाएवढीच पाठही देवानेच दिली आहे.

राहता राहिला घरचा प्रश्न. आमच्या भागात साखर कारखान्याचं गळीत संपलं की अख्खा कारखाना खोलतात, रोलर, बेअरिंग सगळं तपासतात. त्याला कुणी लाड म्हणत नाही. द्राक्ष उतरल्यावर पप्पा खरड छाटणीच्या आधी वेलीला विश्रांती देतात, आणि ती नाही दिली तर पुढच्या वर्षी माल कमी येतो हे चारचौघांत पटवून सांगतात. हे उदाहरण मी त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा ते बराच वेळ पेपर वाचत बसले.

सध्या जूनमध्ये उरुळीला जायचं ठरतंय. देवाचं गाव नाही, पण चालेल म्हणाली. पप्पांना मी कुकर लावायला शिकवलाय, भाकरीचं आजी बघणार आहे. आजीचं एकच म्हणणं आहे की येताना तिथलं मालिशचं तेल कुठलं ते नीट विचारून ये, गुडघ्याला चालतं का तेही.