नकाशावरील प्रमाण कोठें दडविलें?

हल्लीं नकाशा हा कचेरींतील कपाटांत न राहतां शेतकऱ्याच्या खिशांत आला आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु नकाशा हातीं येणें निराळें आणि तो वापरतां येणें निराळें. मोबाईलवरील नकाशे तयार करणाऱ्यांनीं नित्याच्या गरजेचीं साधनें अशा जागीं ठेविलीं आहेत कीं, जाणत्यानें दाखविल्यावांचून तीं सांपडूं नयेत. ही रचना आम्हांस सदोष वाटते.

कागदी नकाशावर उत्तर दिशेचा बाण, मोजमापाचें प्रमाण व खुणांची सूची हीं तिन्ही उघड्यावर असावींत, हा मोजणीखात्याचा जुना दंडक आहे. ३३ फुटांची साखळी चारी बाजूंस पुरी पडली कीं गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, हें अक्षरशत्रूसहि समजत असे. कारण साखळी सर्वांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर पडे.

आतां गूगलचा नकाशा पहा. अंतर मोजण्याची सोय त्यांत आहे. पण मोबाईलवर इष्ट जागीं बोट कांहीं वेळ दाबून धरावें, तेथें तांबडी खूण उमटावी, मग त्या जागेची माहिती उघडून खालीं सरकत जावें, तेव्हां अंतर मोजण्याचें कलम दृष्टीस पडतें. बोट दाबून धरावें हें पडद्यावर कोठेंहि लिहिलेलें नाहीं. प्रमाणाची रेघ नकाशा लहान-मोठा करितांना क्षणभर दिसते व नाहींशी होते. ती कायम ठेवावयाची तर सेटिंगांत शिरावें लागतें. क्षेत्रफळ हवें असल्यास संगणकावर उजवी कळ दाबून मोजणी सुरू करावी व बिंदू फिरवीत आरंभस्थानीं परत यावें. त्यावर उत्तर मिळतें तें चौरस मीटर वा चौरस फुटांत. १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, हा भागाकार आपलाच.

पडदा लहान, त्यावर गर्दी नको, असें यावर उत्तर देण्यांत येतें. तें आम्हांस पटत नाहीं. खानावळी, दुकानें व पेट्रोलपंप यांच्या खुणांस ज्या पडद्यावर जागा आहे, त्यावर प्रमाणाची एक रेघ कायमची मावूं नये काय? खरें कारण असें दिसतें कीं, वाट शोधणारा शहरी प्रवासी रचनाकारांच्या डोळ्यांपुढें असतो, जमीन मोजणारा कुणबी नसतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. ठिबकच्या नळ्या किती, कुंपणास तार किती, फवारणीचें औषध किती क्षेत्रास, हे सर्व हिशेब मापावर चालतात. खंडाच्या वा खरेदीच्या बोलण्यांत एका पक्षास मोबाईलवर मापें काढतां येतात आणि दुसऱ्यास येत नाहींत, तेव्हां दुसऱ्यानें मुकाट्यानें मान डोलवावी असा प्रसंग येतो. ज्याच्या हातीं माप, त्याच्या हातीं सौदा. शिवाय सन २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावी अशी योजना आहे. मोबाईल हें जर शेतीचें अवजार ठरलें, तर त्याची मूठ हातास लागेल अशीच असली पाहिजे.

येथें एक इशारा अवश्य आहे. मोबाईल आपली जागा दाखवितो ती उघड्या आकाशाखालींहि साधारण पांच मीटरांच्या फरकानें. झाडाखालीं व भिंतीलगत फरक वाढतो. पांच मीटर म्हणजे सोळा फूट. बांधाची रुंदी त्याहून पुष्कळ कमी. यास्तव हद्दीचा तंटा मोबाईलवर तोडूं नये. त्यास भूमि अभिलेख खात्याची रीतसर मोजणीच हवी. अंदाजास मोबाईल, निकालास मोजणी, हा भेद प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा.

आमचें मागणें थोडें आहे. प्रमाण, उत्तर दिशा व मापन हीं तीन साधनें पहिल्याच पडद्यावर, मराठी नांवांनिशीं असावींत. आणि क्षेत्र गुंठा, आर व एकर यांतहि मिळावें. तोंवर गांवोगांवच्या जाणत्या तरुणांनीं एका सभेंत हीं साधनें वडील मंडळींस हातीं धरून शिकवावीं, आणि शिकलेल्यांनीं आपल्याच शेताचें माप काढून सातबाऱ्याशीं ताडून पाहावें. आपल्या जमिनीचें माप दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी कोणाहि शेतकऱ्यावर येऊं नये.