घरातील जागा कोणाची?

मे महिना संपत आला की मराठी घरांत एक विशिष्ट लगबग सुरू होते. पापड-कुरडयांचे डबे भरून झालेले असतात, वर्षाचे तिखट-मसाले बरण्यांत जाऊन बसलेले असतात, गावाहून परतलेल्या मुलांच्या पिशव्या अद्याप दाराशीच पडलेल्या असतात आणि जूनच्या मध्यावर उघडणारी शाळा उंबरठ्यावर येऊन उभी राहिलेली असते. विदर्भात उन्हामुळे ती आणखी थोडी उशिरा उघडते, एवढाच फरक. अशा वेळी एखाद्या सकाळी गृहिणी पदर खोचते, माळ्याला शिडी लावते आणि घर आवरावयास काढते. संध्याकाळपर्यंत दारात रद्दीचा ढीग, घरभर धूळ आणि सर्वांच्या कपाळांवर आठ्या असा देखावा तयार होतो. दुसऱ्या दिवशी त्या ढिगातील निम्म्या वस्तू पुन्हा माळ्यावर जातात आणि पुढील मे महिन्यापर्यंत त्यांची चौकशी कोणी करीत नाही.

हा वार्षिक उपक्रम दरवर्षी फसतो याचे कारण आळस नव्हे. ज्या घरात वर्षभराचे धान्य उन्हे दाखवून, निवडून साठविले जाते, त्या घराला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. खरे कारण असे की, आपण आवरावयास बसतो तेव्हा चुकीच्या प्रश्नापासून प्रारंभ करतो. ‘यातले काय टाकायचे?’ असा प्रश्न विचारला की प्रत्येक वस्तूला वकील मिळतो. मोडक्या पंख्याची मोटर चांगली असते, उसवलेल्या बॅगेची चाके चांगली असतात, रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा चांगला असतो. ‘कधीतरी लागेल’ हा युक्तिवाद असा आहे की, तो कधीच खोटा ठरत नाही. कारण ‘कधीतरी’ या शब्दाला मुदत नसते. म्हणून प्रश्नच बदलावयास हवा. घरातील जागा मर्यादित आहे. ती कोणाच्या वाट्याला आली आहे आणि कोणाच्या वाट्याला यावयास हवी, हा खरा प्रश्न आहे. आवराआवर हा स्वच्छतेचा विषय आहे असे आपण मानतो. वस्तुतः तो वाटपाचा विषय आहे.

या दृष्टीने एखाद्या मध्यमवर्गीय दोन खोल्यांच्या घराची पाहणी केली तर काय आढळते? माळा लग्नात आलेल्या आणि वेष्टनही न काढलेल्या भांड्यांनी व्यापलेला असतो. पलंगाखालची जागा जुन्या गाद्या आणि पाहुण्यांच्या पांघरुणांनी अडविलेली असते. कपाटाचा एक संपूर्ण कप्पा कर्त्या पुरुषाच्या ‘महत्त्वाच्या कागदां’चा असतो आणि त्याला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नसते. बंद पडलेले भ्रमणध्वनी आणि कोणत्या यंत्राच्या आहेत हे विस्मरणात गेलेल्या तारा यांनी खण भरलेले असतात. येणाऱ्या पाहुण्याला, गेलेल्या काळाला आणि न आलेल्या प्रसंगाला घरात राखीव जागा असते. ज्याला रोज तीन-चार तास खाली मान घालून बसावयाचे आहे, त्या मुलाला मात्र ती नसते. ते पलंगावर पालथे पडून लिहिते. नाही तर जेवणाच्या टेबलावर बसते आणि ताटे आली की पसारा उचलून दुसरीकडे जाते. मग ‘याचे अभ्यासात लक्षच लागत नाही’ अशी तक्रार आपणच करतो.

ही स्थिती किती गंभीर आहे, याचा प्रत्यय करोनाच्या साथीने आणून दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे दीर्घ काळ शाळाच घरात येऊन बसली. त्या काळात इंटरनेट कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. परंतु ज्यांच्याकडे ही साधने होती, त्या घरांतही एक वेगळी विषमता उघडी पडली. एका मुलाला भिंतीकडे तोंड करून बसण्याइतका कोपरा होता. दुसऱ्याला फोडणीचा आवाज, दूरचित्रवाणी आणि वडिलांचे कार्यालयीन संभाषण यांच्यामध्ये बसून गणित शिकावे लागत होते. शाळा पुन्हा उघडल्या आणि तो धडा आपण विसरलो. साथीपुरता मांडलेला कोपरा पुन्हा खोक्यांनी भरून गेला.

या साठवणुकीचा दोष जुन्या पिढीच्या माथी मारण्याची आजकाल प्रथा पडली आहे. आजी सुतळीचे तुकडेही टाकू देत नाही, आजोबा रिकाम्या बाटल्या जपून ठेवतात, असे नातवंडे हसत सांगतात. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या, १९७२ च्या दुष्काळात दिवस काढले, एक सदरा दोन भावांनी आळीपाळीने घातला, त्यांच्या हातून वस्तू सहजी सुटत नाही, यात हसण्यासारखे काही नाही. शिवाय त्यांच्या संसारात एक शहाणपण होते, ते आपण नीट ओळखले नाही. त्या घरांत वस्तू साठत नसत, फिरत असत. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. जुने कपडे बोहारीण घेऊन जाई आणि तिच्याशी तासभर घासाघीस करून त्यांच्या मोबदल्यात एखादे पातेले घरात येई. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाची पुस्तके अर्ध्या किमतीत शेजारच्या मुलाकडे जात. निकाल लागला की जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून, दाभणाने शिवून त्यांची कच्ची वही तयार केली जाई. वस्तू घरात येण्याची वाट अरुंद होती आणि बाहेर जाण्याच्या वाटा अनेक होत्या.

आज नेमके उलटे झाले आहे. वस्तू आता बोटाच्या एका दाबासरशी दारात येते आणि येताना दुप्पट आकाराचे खोके घेऊन येते. बाहेर जाण्याच्या वाटा मात्र एकामागून एक बुजत चालल्या आहेत. बोहारीण क्वचित दिसते. गृहसंकुलाचा पहारेकरी तिला फाटकातून आत सोडीत नाही. गोधडी शिवावयास कोणाला सवड नाही. उरतो तो रद्दीवाला आणि भंगारवाला; त्यांना वजन समजते, उपयोग समजण्याचे त्यांना कारण नाही. टाकावे तर मन धजत नाही, द्यावे तर घेणारा सापडत नाही, अशा कोंडीत वस्तू माळ्यावर जाते. तेव्हा घर आवरावयाचे म्हणजे या बुजलेल्या वाटा पुन्हा मोकळ्या करावयाच्या.

पाठ्यपुस्तकांचेच उदाहरण घ्यावे. १९६७ मध्ये ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि राज्यातील मुलांच्या हाती एकसारखी, स्वस्त पुस्तके पडू लागली. पुढे शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना ती विनामूल्य मिळू लागली. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही. परंतु फुकट मिळालेल्या पुस्तकाचा पुढचा वाचक कोण, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. त्यातच २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग झाला. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू चांगला होता. पण मुले वेगळ्या वह्या आणीतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. लिहून भरलेले पुस्तक दुसऱ्याच्या कामी येत नाही, हा तोटा फारसा कोणी मोजला नाही. अभ्यासक्रम बदललेला नसेल, तर निकालाच्याच आठवड्यात पुस्तके खालच्या वर्गातील मुलाच्या हाती जावयास हवीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची ओल आली की माळ्यावरच्या कागदाला बुरशी धरते, कसर लागते. मग ती पुस्तके रद्दीखेरीज कशाच्याच लायकीची उरत नाहीत. शाळेने निकालाच्या दिवशी एक बाक मांडून पुस्तके गोळा केली आणि शाळा उघडण्याच्या दिवशी ती वाटली, तर यास वेगळा निधी लागणार नाही.

घरात हे काम कोणत्या क्रमाने करावे, याचाही विचार हवा. प्रथम माळ्यावर चढू नये. प्रथम मुलाची जागा ठरवावी. ती जागा म्हणजे निराळी खोली नव्हे. मांडी घालून किंवा खुर्चीवर बसता येईल एवढी भिंतीलगतची जागा, डावखुऱ्या-उजव्या हाताप्रमाणे योग्य बाजूने पडणारा उजेड आणि मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर एक फळी, एवढ्याने काम भागते. जागा ठरली की तिच्या आड काय काय येते ते आपोआप दिसू लागते आणि निर्णय सोपे होतात. मोडक्या पंख्याच्या बाजूने वकिली करणाऱ्याला मग मुलाच्या विरुद्ध वकिली करावी लागते. ते धैर्य सहसा कोणी दाखवीत नाही.

दुसरे असे की, हे काम एकट्या स्त्रीचे नव्हे. सध्याच्या पद्धतीत निर्णय सर्वांचे आणि कष्ट तिचे, अशी विभागणी असते. तिने एखादी वस्तू टाकली तर पुढे सहा महिने तिला जाब विचारला जातो. ठेवली तर तीच पसाऱ्याची धनीण ठरते. एका रविवारी सर्वांनी मिळून बसावे आणि ज्याच्या वस्तू त्याने निवडाव्यात. ‘महत्त्वाचे कागद’ कर्त्या पुरुषाने स्वतः चाळावेत. त्यांतील निम्म्यांची मुदत केव्हाच टळून गेल्याचे त्याचे त्यालाच आढळेल. मुलांची खेळणी आणि चित्रे त्यांच्या अपरोक्ष टाकू नयेत. दहा वर्षांच्या मुलाला काय ठेवायचे आणि काय लहान भावंडाला द्यायचे, हे ठरविता येते. ते ठरविण्याची संधी मिळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. आणि आजीची ट्रंक तर तिच्या परवानगीवाचून कोणीही उघडू नये. साऱ्या घरात तिच्या मालकीची म्हणून एवढीच जागा उरलेली असते.

दप्तराचा प्रश्नही येथेच येऊन मिळतो. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड असू नये, असे राज्य शासनाने २०१५ मध्ये ठरवून दिले. शाळांनी ते किती पाळले, हा वादाचा विषय आहे. पण अनेक मुले सर्व पुस्तके रोज पाठीवर वाहतात, कारण घरात ती ठेवावयास त्यांना ठरलेली जागा नसते. दप्तर हेच त्यांचे कपाट असते. एक फळी मिळाली, तिच्यासमोर वेळापत्रक चिकटविले आणि रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसापुरतीच पुस्तके भरण्याची सवय लागली, तर जे शासनाच्या आदेशाने पुरते साधलेले नाही, ते त्या फळीने काही अंशी साधेल.

येथवर जे म्हटले, ते ज्यांच्या घरी आवरण्याजोगे काही आहे त्यांच्यासाठी. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे नोंदले गेले. मुंबईत १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आठ-आठ, दहा-दहा माणसे राहिली आणि तेथील मुलांनी गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर बसून परीक्षा दिल्या. त्यांपैकी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांना अशी चावी मिळालेली नाही, त्यांना ‘मुलासाठी एक कोपरा मोकळा करा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. तेथे घराने जे द्यावयाचे ते गावाने आणि नगराने दिले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याने शाळेत वर्ग किती असावेत, ग्रंथालय असावे, हे सांगितले. शाळा सुटल्यावर मुलाने कोठे बसावे, हे सांगितलेले नाही. शाळांच्या इमारती सायंकाळी कुलूपबंद असतात. राज्यात हजारो अनुदानप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. महापालिकांची समाजमंदिरे बहुधा एखाद्या समारंभापुरतीच उघडतात. यांपैकी प्रत्येक वस्तीत एक दालन रोज संध्याकाळी तीन तास, दिवा-पंख्यासह, मुलांसाठी उघडे राहावे, ही मागणी अवाजवी नाही. शहरही एक घरच आहे आणि त्याच्याही माळ्यावर पुष्कळ जागा अडून पडली आहे.

घर लखलखीत दिसावे, मासिकातील छायाचित्रासारखे भासावे, असा या लेखनाचा आग्रह नाही. माणसे राहतात तेथे थोडा पसारा असणारच. नांदत्या घराची ती खूणच आहे. गेलेल्या माणसाचा चष्मा, पहिल्या पगारातून घेतलेले घड्याळ, बाळाचे पहिले झबले यांनाही घरात स्थान असावे. मात्र आठवणींनी वर्तमानाला भिंतीशी रेटू नये. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल. तोपर्यंत किती रद्दी गेली आणि किती डबे रिकामे झाले, याचा हिशेब कोणी मागणार नाही. पहिल्या दिवशी शाळेतून परतलेल्या मुलाला दप्तर कोठे ठेवू आणि कोठे बसू, असे विचारावे लागले नाही, तर घर आवरले असे खुशाल समजावे.