जंगलाची टॅली



२१ डिसेंबर २०२४ ला देहरादूनमध्ये देशाच्या जंगलाचा अठरावा हिशेब जाहीर झाला. भारत वनस्थिती अहवाल २०२३. हिशेब सांगतो की देशाच्या २५.१७ टक्के जमिनीवर जंगल आणि झाडं आहेत. ८ लाख २७ हजार ३५७ चौरस किलोमीटर. महाराष्ट्र तिसऱ्या नंबरावर, ६५ हजार ३८३. पेपरात हिरवे नकाशे छापून आले आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात लोकांनी भजी बांधली.

तुमच्यातले काही म्हणतील, आपला जंगलाशी काय संबंध? आपण चाळीतले, झोपडपट्टीतले, नाक्यावरचे, गोदीतले. खेडं सोडा हे बाबासाहेबांचं म्हणणं ऐकून आपले आजे-बाप शहरात आले. बरोबर. पण सगळे आले नाहीत. जे मागं राहिले ते गावाच्या कडेला राहिले, आणि गावाची कड जिथं संपते तिथं सरकारच्या कागदावर जंगल सुरू होतं. म्हणून हा हिशेब आपला पण आहे.

रोहिणखेड घ्या. बुलडाणा जिल्हा, मोताळा तालुका, अजिंठ्याच्या डोंगरांच्या पायथ्याचं घाटाखालचं गाव. इतिहासवाल्यांना ते चांगलं ठाऊक आहे. १४३७ ला इथं बहमनी फौजेनं खानदेशच्या सुलतानाला हरवलं. १५९० ला अहमदनगरच्या गादीचा फैसला इथंच झाला. १५८२ ची मशीद अजून आहे. घाट उतरलेल्या फौजांची नोंद झाली. त्या फौजांच्या घोड्यांना गवत कापून देणारा कोण, तळावर सरपण वाहणारा कोण, याची नोंद नाही. जो मोजतो त्याला जे दिसतं तेच कागदावर येतं. जंगलाचं पण तसंच झालंय.

इंग्रजांनी वऱ्हाडच्या जंगलाचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडले. अ लाकडासाठी, ब गवताच्या रमण्यांसाठी, क चराईसाठी. म्हणजे जिथं झाड नावाला पण नव्हतं, नुसती ढोरं चरायची, ती जमीनसुद्धा जंगल खात्यात जमा झाली. स्वातंत्र्य आलं, खातं तेच राहिलं. १९६५ ला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं देशात जंगलाची पाहणी सुरू झाली. ती कशासाठी? लाकडावर चालणारे कारखाने कुठं काढायचे, त्यांना माल किती मिळेल, हे बघण्यासाठी. १ जून १९८१ ला त्या पाहणीचं 'भारतीय वन सर्वेक्षण' झालं. मुख्य कचेरी देहरादून, आपल्याकडची कचेरी नागपूर. १९८७ पासून दर दोन वर्षांनी अहवाल निघतो.

हे काम दोन तऱ्हेनं चालतं. एक, उपग्रहाच्या फोटोवरून नकाशा. दोन, प्रत्यक्ष रानात जाऊन मोजणी. २०१६ पासून अख्ख्या देशावर ५ किलोमीटर लांब, ५ किलोमीटर रुंद अशा चौकटी आखल्यात. दर वर्षी देशाचा पाचवा हिस्सा, पाच वर्षांत एक फेरी. नमुन्याच्या जागेवर टोळी जाते, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचं माप घेते, झाडाचं नाव लिहिते, माती आणि पालापाचोळा गोळा करते. काम मेहनतीचं आहे. उन्हातान्हात टेप धरून खोड मोजणाऱ्या माणसाला आम्ही नावं ठेवत नाही. तो पण मजूरच.

पण ही मोजणी काय सांगू शकते आणि काय नाही, ते नीट समजून घ्या. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्या आया चुलीपुढं रोज करतात. नमुन्याची मोजणी म्हणजे तेच. तिच्यावरून देशात, राज्यात किती लाकूड आहे, किती कार्बन आहे, याचा अंदाज चांगला येतो. पण एका शितावरून कुणाच्या ताटात किती भात वाढला ते कळत नाही. एक चौकट म्हणजे २५ चौरस किलोमीटर. एका चांगल्या मोठ्या गावाचं शिवार त्यात मावतं. त्या नमुन्यावरून कुठल्याही गावच्या कुठल्याही गट नंबरावर बोट ठेवून 'इथं जंगल आहे' किंवा 'याच माणसानं तोडलं' असं म्हणता येत नाही. कुणी म्हणत असेल तर तो शास्त्र सांगत नाही, दम देतोय.

आता नकाशाकडं या. एक हेक्टर जागा, तिच्यावर दहा टक्के पानांची सावली, झालं जंगल. मालक कोण ते विचारायचं नाही. झाडाची जात विचारायची नाही. या देशात जात न विचारणारी व्याख्या सापडली म्हणून खूश व्हावं, तर तिचा फायदा बघा कुणाला. बागायतदाराची आमराई जंगल. निलगिरीची लागवड जंगल. वेडी बाभूळ माजली तरी जंगल. सालई, धावडा, अंजन, पळसाचं जुनं रान गेलं आणि तेवढीच बाग दुसरीकडं उभी राहिली, तर बेरीज तीच. १९८७ च्या अहवालात जंगल ६ लाख ४० हजार ८१९ चौरस किलोमीटर होतं, आता ७ लाख १५ हजार ३४३. वाढलं म्हणतात. पण तेव्हा ४०० हेक्टरपेक्षा लहान तुकडा हिशेबातच धरत नव्हते, आता एक हेक्टरचा धरतात. चष्म्याचा नंबर बदलला की भिंतीवरचे डाग जास्त दिसतात. रान किती वाढलं आणि चष्मा किती सुधारला, हे वेगळं करून सांगा.

याच्या उलट बाजूला कागदी जंगल आहे. सरकारी दप्तरात जंगल म्हणून लिहिलेली जमीन ७ लाख ७५ हजार ३७७ चौरस किलोमीटर. तिच्या आत खरोखर झाडोरा आहे ५ लाख २० हजार ३६५ वर. उरलेल्या अडीच लाखांत बर्फ आहे, खडक आहे, माळ आहे, गवत आहे. आणि आपली माणसं आहेत. झाड नसलेल्या या जमिनीवर भूमिहीनानं नांगर घातला की ती एकदम जंगल होते आणि तो अतिक्रमणवाला होतो. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं 'झुडपी जंगल' बघा. नावातच सांगितलंय की झुडपं आहेत. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की ती जमीन जंगलच. निकाल लागला तेव्हा तिथं सरकारी कचेऱ्या होत्या, शाळा होत्या, स्मशानं होती, झोपडपट्ट्या होत्या. १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपाला कोर्टानं वाट ठेवली, तिचा अर्ज राज्यानं केंद्राकडं करायचा. कचेरीची फाईल कचेरीच हलवील. झोपडीची फाईल कोण हलवणार?

आणि आता ठपका. दाट जंगल का घटलं याची संभाव्य कारणं लिहिताना या अहवालात वनहक्क कायद्यानं दिलेले पट्टेसुद्धा घातलेत. जून २०२५ मध्ये केंद्राचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी एका मुलाखतीत तेच म्हटलं. दीडशेच्या वर संघटना आणि कार्यकर्त्यांनी पंतप्रधानांकडं निषेध लिहून पाठवला. खुद्द केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं विचारलं, याला शास्त्रीय आधार काय? सवाल आमचा पण तोच. कायद्यानं पट्टा मिळतो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसलेल्या जमिनीचा. जी जमीन तेव्हाच शेत होती, तिच्यावरचं जंगल आता कसं घटलं? शेताला हक्काचा कागद दिला म्हणून झाड मरत नाही.

हा कायदा आदिवासींचा, असं समजून आपण कानाडोळा केला. त्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत, म्हणजे मोळी वाहणारे, गवत कापणारे, मोहळ झाडणारे आपण पण आहोत. फक्त आपल्याला तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा मागतात. २००५ मधून ७५ गेले, उरले १९३०. त्या साली आपली माणसं नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह करत होती. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्यांनी तलाठ्याच्या दप्तरात जागा कुठून आणायची? म्हातारीकोतारी माणसं सांगतील ते पुरावा म्हणून चालतं, असं नियमातच आहे. उपग्रहाचा फोटो जोडीला लावता येतो, पण त्याच्यावर भागवून बाकीचे पुरावे फेकता येत नाहीत, हे पण २०१२ पासून नियमात आहे. हे नियम पाठ करा. कचेरीत तोंडावर मारायला कामाला येतात.

२०१९ चा अहवाल सांगून गेला की सरपणासाठी जंगलावरची भिस्त सगळ्यांत जास्त महाराष्ट्रात आहे. म्हणजे आपल्या आया-बहिणींच्या डोक्यावरची मोळी दिल्लीनं वजन करून लिहून ठेवलीय. पण ती जंगलावरचा भार म्हणून लिहिली, हक्क म्हणून नाही. त्याच २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात पट्टा घेऊन तेराशेच्या वर किलोमीटर चालला आणि डिसेंबरात याच बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा एकेक मुक्काम नोंदला गेला. वाघाचा आम्हाला राग नाही. पोटासाठी जिल्हे ओलांडणारा तो आपलाच भाऊबंद. पण बुलडाण्यातून पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांचे मुक्काम असे कुणी नोंदले?

गोदीत माल उतरताना टॅली दोन असतात. जहाजाचा माणूस मोजतो आणि धक्क्याचा माणूस मोजतो. दोन्ही वह्या जुळल्या तर सही. गोणी कमी भरली आणि वही एकच असली, तर चोरी हमालाच्या नावावर जाते. मी हे अंगावर घेतलंय. जंगलाच्या हिशेबात आजपर्यंत एकच वही आहे. आणि पुढं त्या वहीवर पैसा उभा राहणार आहे. २०३० पर्यंत जंगलात अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा कार्बन साठवू, असा करार देशानं जगाशी केलाय, आणि त्यातला २.२९ अब्ज टन झाला असं या अहवालात आहे. झाडाचा टन झाला, टनाचा भाव होईल. भाव ठरताना धक्क्यावर आपला माणूस वही घेऊन उभा पाहिजे.

हे होऊ शकतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क घेतला, आणि २०११ पासून आपला बांबू आपल्या पासावर विकला. बांबू विकायचा तर आधी तो किती आहे, किती तोडायचा, हे गावाला मोजावंच लागतं. खोडाला टेप लावायला डिग्री लागत नाही. १.३७ मीटर म्हणजे छातीची उंची. ती प्रत्येकाला आहे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. नमुन्याच्या मोजणीचे आकडे आणि नकाशे ग्रामसभेला मराठीत द्या. लोकांचं जंगल, लोकांची वही.

२. बाग, लागवड आणि नैसर्गिक रान यांचे आकडे वेगळे छापा. एका बेरजेत लपवू नका.

३. पट्ट्यांमुळं जंगल घटलं म्हणता, तर गट नंबर दाखवा. नाहीतर ते वाक्य मागं घ्या.

४. मोजणीच्या टोळीत त्या त्या गावची पोरंपोरी पगारावर घ्या. भूमिहीनांची आधी.

५. कार्बनचा पैसा आला तर पहिला वाटा त्या जंगलावर जगणाऱ्या ग्रामसभेचा, आणि त्यात वस्तीचा वाटा लेखी.

दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९६४ ला लाखो भूमिहीन तुरुंगात गेले ते कसेल त्याची जमीन म्हणून. तो हिशेब मिटलेला नाही. शहरातल्या दोस्तांनो, या सुट्टीत गावी जाल तेव्हा नुसते फोटो काढून येऊ नका. तलाठ्याकडून आपल्या वस्तीचा, गायरानाचा, जंगलाचा उतारा काढा. म्हाताऱ्यांपाशी बसा, कोण कुठं गुरं चारायचं, कोण कुठून मोळी आणायचं, ते तारखेसकट लिहून घ्या. त्यांच्या सह्या, अंगठे घ्या. ती दुसरी वही आहे. म्हातारी माणसं चाललीत, तिला उशीर नको.