रुपयात किती आणे दुखतंय?

माझी आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. मराठवाड्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात भरती केले. सगळ्या खाटा भरलेल्या, मधल्या जागेत गाद्या टाकलेल्या. रात्रपाळीला एक सिस्टर. ऑपरेशनचा नंबर सहाव्या दिवशी. पहिल्या दोन रात्री आई पदर तोंडात धरून पडून होती. सिस्टर जाता जाता विचारायची, "आजी, बरं आहे ना?" आई म्हणायची, "बरं हाय माय." सिस्टर पुढच्या पेशंटकडे. केसपेपरवर ताप, नाडी, बीपी लिहिलेले. दुखण्याबद्दल अक्षर नाही.

मी चिडलो. आई म्हणाली, "त्या लेकराला एवढ्या माणसांचं बघायचंय, मी कुठं कटकट करू?"

तिसऱ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरने विचारले, "आजी, रुपयात किती आणे दुखतंय?" आई लगेच म्हणाली, "चौदा आणे." शून्य ते दहा असे विचारले असते तर ती गप्पच बसली असती. डॉक्टरने ते केसपेपरवर लिहिले. मग पॅरासिटामॉल मागितल्यावर नाही, तर ठरल्या वेळी मिळू लागले. मांडीच्या नसेजवळ बधिरतेचे इंजेक्शन दिले. संध्याकाळी दुखणे सहा आण्यांवर आले आणि तिने अर्धी भाकरी खाल्ली. औषधे दवाखान्यात आधीपासून होती. विचारणारे कोणी नव्हते.

म्हाताऱ्या माणसाचे दुखणे थांबवणे हे लाड नव्हेत. दुखते म्हणून माणूस हालत नाही, खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, झोप नसल्याने भ्रम होतो.

मनुष्यबळाचा प्रश्न खोटा नाही. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बालके. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नांदेडला हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरूनही रुग्ण येतात. रिक्त पदे भरणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. साठ पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टरवर ओरडून काही होत नाही. पण बीपी लिहिताना शेजारी दुखण्याचा आकडा लिहायला नवे पद मंजूर करावे लागत नाही.

विनयपिटकात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, हे आपण विहारात सांगतो. त्याआधी त्यांनी त्याला दोन गोष्टी विचारल्या, हे मात्र सांगायचे राहून जाते: तुला काय होते आहे, आणि तुझी सेवा करायला कोणी आहे का? सुरुवात विचारण्यापासून झाली.

आपल्या घरात सोसण्याचे फार कौतुक आहे. किती सोसलं बिचारीने, असे आपण अभिमानाने बोलतो. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या ओरडण्याकडे कोणी लक्ष दिले नाही, त्यांना ही सवय लागली. वॉर्डात ती घेऊन जायचे कारण नाही.

कॅन्सरच्या रुग्णांचे हाल तर वेगळेच. मॉर्फिन हे जुने, स्वस्त औषध. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे त्याचे परवाने इतके किचकट झाले की दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी केली, तरी धाक गेलेला नाही. नांदेड-लातूरच्या आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्यातील रुग्णालयांना लेखी विचारावे: तुमच्याकडे मॉर्फिन मिळते का? नसेल तर मान्यतेसाठी अर्ज केला आहे का? रुग्ण कल्याण समितीवर आपले लोक असतील तर बैठकीत हाच प्रश्न मांडावा.

आणि पेशंटजवळ बसणाऱ्याने एक वही ठेवावी. सकाळी, दुपारी, रात्री किती आणे, ते लिहावे आणि राऊंडला डॉक्टरांपुढे धरावे. आमच्या वहीत शेवटी दोन नावे होती. शेजारच्या गादीवरच्या बाईचे कोणी नातेवाईक नव्हते. तिचे आणे आईच विचारून मला सांगायची.