गोळी दिली, मैदान कधी देणार?

छिन्नमनस्कतेने ग्रासलेल्या माणसाच्या पदरात आपला समाज दोनच गोष्टी टाकतो : एक गोळी आणि घरातला एक कोपरा! गोळी हवीच, हे आम्ही प्रथमच निक्षून सांगतो. भास आणि संशय आवरण्याचे काम ती करते. परंतु स्मृती, अवधान आणि विचारांची गती यांना जी उतरती कळा लागते, ती गोळीने फारशी सावरत नाही. नोकरी आणि स्वावलंबन बुडते ते पुष्कळदा या दुखण्यापायी. आणि घरची मंडळी मात्र ‘आळशी’ म्हणून हात झटकतात!

या दुखण्याला व्यायामाने उतार पडतो, हा आमचा भाबडा समज नव्हे. जोसेफ फर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दहा चाचण्यांतील ३८५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. व्यायाम करणाऱ्यांचे अवधान, कार्यस्मरण आणि सामाजिक आकलन सुधारलेले दिसले. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली लाभ अधिक झाला. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांच्या २०१५ च्या बारा आठवड्यांच्या लहानशा चाचणीत तर ज्यांचा दमसास अधिक वाढला, त्यांची बुद्धीही अधिक सुधारली. हा चमत्कार नव्हे; लाभ बेताचा आहे. पण ज्याला दुकानातला हिशेबही जुळवता येत नाही, त्याला बेताचा लाभ थोडा वाटेल काय?

‘वेड्याला तालमीत धाडायचे काय?’ असे नाक मुरडून विचारणाऱ्यांना आमचे उत्तर एकच : होय! त्याचे मन दुखावले म्हणून हातपाय मोडलेले नाहीत. औषधांपैकी कित्येकांनी वजन वाढते, रोगाने उमेद खचते; म्हणूनच त्याला उपदेशाची नव्हे, सोबतीची गरज आहे. असे रुग्ण इतरांच्या मानाने दोन ते तीन पटींनी अकाली मरतात आणि पुष्कळदा हृदयविकारासारख्या शारीरिक रोगांनी मरतात, हे तरी ध्यानात घ्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक रुग्णालयांत विरंगुळा आणि करमणुकीच्या वाजवी सोयी हा रुग्णाचा हक्क मानला आहे. मग मैदानाला कुलूप का? प्रत्येक मनोरुग्णालयात व्यायामशिक्षक नेमा. वैद्यांनी प्रकृती पाहून औषधासोबत व्यायामही लिहून द्यावा. आणि आमच्या गावोगावच्या तालमींनो, सरकारी हुकमाची वाट कशाला पाहता? तुमच्या आखाड्याचे दार आजच उघडा!