हिरवा दिवा

घरात इंटरनेटच्या दोन जोडण्या असणे ही निव्वळ चैन, असे माझे मत होते. सौ.चे मत निराळे होते. आणि आमच्या घरात मते दोन असली तरी निर्णय एकच होतो. कन्येच्या नोकरीची मुलाखत घरबसल्या पडद्यावर व्हायची होती. ऐन वेळी दगा झाला तर? म्हणून जुन्या जोडणीच्या सोबतीला दुसऱ्या कंपनीची जोडणी आली आणि दोन्ही सांभाळणारा राउटर बसवायला पुतण्या आला.

राउटरजवळ वाटांचे एक टिपण असते. बाहेर जायच्या वाटा दोन, प्रत्येकीला एक आकडा. लहान आकड्याची वाट पहिल्या मानाची, मोठ्या आकड्याची राखीव. पहिलीची तार निखळली की राउटर ती वाट टिपणातून खोडतो आणि राखीव वाट आपोआप पुढे येते. पुतण्याने तार उपटून दाखवली. पडदा जरासा थबकला आणि पुन्हा सुरू! सौ.ने त्याला दोन चकल्या जास्त वाढल्या.

मुलाखतीला पाचच मिनिटे झाली असतील, समोरच्या साहेबांचा चेहरा पडद्यावर गोठला. मी राउटरकडे धावलो. तार जागच्या जागी, दिवा हिरवागार!

"काका, पहिली तार उपटा!" पुतण्या फोनवरून ओरडला.

धडधाकट दिसते तीच तार उपटायची? देवाचे नाव घेऊन उपटली. राखीव वाट पुढे आली. वाट बदलली की घराचा बाहेरचा पत्ताही बदलतो, त्यामुळे चालू बोलणे तुटले. पण कन्या पुन्हा आत शिरली आणि मुलाखत पार पडली.

संध्याकाळी पुतण्याने उलगडा केला. राउटरला कळते ते उंबऱ्यापुरते. कंपनीच्या डबीपर्यंतची हातभर तार, एवढेच. ती शाबूत, म्हणून दिवा हिरवा. मोडले होते पलीकडे. टपालपेटी जागेवर आहे म्हणून आपण पत्रे टाकत राहावे आणि पेटी उघडायला कोणी येतच नसावे, तशातला प्रकार!

यावर उपाय म्हणजे दूरच्या पत्त्याला दर काही सेकंदांनी हाक मारायची. तिला 'पिंग' म्हणतात. 1983 साली अमेरिकेत माइक म्यूस यांनी तो कार्यक्रम लिहिला आणि पाणबुडी हुडकणाऱ्या ध्वनीवरून त्याला नाव दिले. लागोपाठ काही हाकांना ओ आली नाही, की वाट मेली असे समजायचे. मात्र हाक पहिल्याच वाटेने गेली पाहिजे. राखीव वाटेने गेली तर उत्तर येईल आणि मेलेली वाट जिवंत ठरेल! पुन्हा ओ येऊ लागली तरी थोडे थांबूनच जुनी वाट धरायची, नाहीतर राउटर सारखा इकडून तिकडे धावत बसतो.

पुतण्या गेल्यावर मला नागपूरची आक्का आठवली. तिचे 'सुप्रभात' मोबाईलवर रोज येते, म्हणजे सारे ठीक, असे मी धरून चाललो होतो. त्या रात्री फोन करून विचारले, "आक्का, खरंच बरी आहेस ना?" तेव्हा कळले, गुडघ्यामुळे तीन आठवडे ती जिना उतरली नव्हती.

भाऊबीजेला दरवर्षी तीच आमच्याकडे येते. यंदा मीच निघालो आहे.